हाताच्या कामाचा विटाळ

दहावीचा निकाल लागतो त्या आठवड्यात आपल्या ख्रिस्ती घरांतून एकच चर्चा चालते : मुलाला कोणत्या कॉलेजात घालायचे? कला, वाणिज्य की विज्ञान. गावाजवळ की थेट पुण्याला. वसतिगृहात की मावशीकडे, असे त्या एका प्रश्नाचे पोटप्रश्न असतात. मुलाच्या हाताला आणि बुद्धीला कोणते काम साधेल, ते कोठे मिळेल आणि कोणत्या अटींवर मिळेल, हे प्रश्न बहुधा निघतच नाहीत. निघाले तर जेमतेम गुण मिळवणाऱ्या मुलाच्या बाबतीत निघतात. "याला आता आयटीआयला टाका," हे वाक्य आपल्याकडे शिक्षा सुनावल्याच्या सुरात उच्चारले जाते. या वृत्तीविरुद्ध मला लिहायचे आहे, आणि ते थोडे स्पष्टपणे लिहायचे आहे.

उच्च शिक्षणाला माझा विरोध नाही. ज्या मुलाला गणिताची किंवा इतिहासाची ओढ आहे, त्याने पदवीच काय, त्यापुढेही जावे, आणि त्यासाठी धर्मग्रामाने झोळी फिरवावी. माझा विरोध आहे तो कामापासून पळण्यासाठी घेतलेल्या पदवीला. असे पळणे शेवटी जिथे जाऊन पोहोचते, ती जागा आपण डोळे उघडून पाहत नाही, हे माझे गाऱ्हाणे आहे.

बेल्ह्याचे उदाहरण घेतो. जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकाचे हे गाव कल्याण–अहिल्यानगर महामार्गावर आहे. पश्चिमेला आळेफाटा, तेथून पुणे–नाशिक रस्ता. पूर्वेला आण्याचे पठार आणि त्यापलीकडे पारनेर तालुका. दक्षिणेकडे बेल्हे–जेजुरी रस्ता. जुन्नरच्या पश्चिमेकडील धरणांचे पाणी ज्या गावांना लाभले तिथे ऊस, द्राक्षे, टोमॅटो झाले; आण्याचे पठार मात्र पावसाच्या भरवशावर राहिले. या पट्ट्यात आपली कुटुंबे थोडी आणि विखुरलेली. धर्मप्रांताची सीमाही जवळच आहे. १९८७ मध्ये नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला तेव्हा तेव्हाचा अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा तिकडे गेला आणि जुन्नर पुणे धर्मप्रांतात राहिले. सोयरिकी मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत, आणि त्याबरोबर समजुतीही.

बेल्ह्याला सोमवारचा बाजार भरतो. बैलांसाठी तो दूरवर प्रसिद्ध आहे. त्या बाजारात एक फेरी मारून नीट पाहावे. बैलांना पत्र्या मारणारे, पंपाची मोटार भरून देणारे, ट्रॅक्टरची कामे करणारे, ठिबकच्या नळ्या जोडून देणारे, दुधाच्या शीतकरण यंत्राची दुरुस्ती करणारे, असे हाताने काम जाणणारे लोक तिथे भेटतात किंवा त्यांचे पत्ते तरी मिळतात. उन्हाळ्यात बोअरची मोटार जळाली आणि डाळिंबाची बाग पाण्यावाचून उभी राहिली की शेतकरी कोणाची वाट पाहतो? वायरमनची आणि रिवाइंडिंगवाल्याची. त्या दिवशी त्याच्या गावातल्या पाच पदवीधरांचा त्याला काही उपयोग नसतो. आता आपल्या धर्मग्रामातील किती मुले ही कामे जाणतात, ते मोजून पाहा. मला तरी बोटांवर मोजण्याइतकीही सहज आठवत नाहीत.

बेल्ह्यालगत बांगरवाडीला समर्थ शैक्षणिक संकुल आहे. अभियांत्रिकीची पदवी, तंत्रनिकेतनाची पदविका आणि आयटीआय हे तिन्ही मार्ग तिथे एकाच आवारात उपलब्ध आहेत. सकाळी एकाच गाडीतून तिन्हीकडची मुले उतरतात. परंतु लग्नाच्या बैठकीत त्यांच्यातले अंतर कोसांचे होते. पदवीवाल्याची माहिती मुलीचा बाप मोठ्याने वाचून दाखवतो, पदविकेवाल्याची सांभाळून सांगतो, आणि आयटीआयवाल्याच्या बाबतीत "कंपनीत आहे" एवढे म्हणून विषय बदलतो. सरकारी कागदांवर या व्यवसायांना जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री अशी सुंदर मराठी नावे आहेत. आपण फिटर, टर्नर, वेल्डर म्हणतो तेही चालेल, पण म्हणताना आवाज खाली जातो त्याचे काय?

शिवाय या तीन वाटा एकमेकींपासून तोडलेल्या आहेत ही समजूतच चुकीची आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या विद्यार्थ्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, आणि पदविकाधारकाला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे हातात पान्हा घेऊन सुरुवात करणारा मुलगा, त्याची इच्छा आणि कुवत असेल तर, त्याच इमारतीत पदवीपर्यंत जाऊ शकतो, आणि वाटेत कोठेही थांबला तरी त्याच्या हाती एक विद्या असते. उलट नुसत्या नावासाठी घेतलेली पदवी अर्ध्यावर सुटली तर हाती काय उरते? २०१० नंतरच्या दशकात राज्यात अभियांत्रिकीच्या हजारो जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या, काही महाविद्यालये बंदही पडली. तरीही अर्धा एकर विकून मुलाला कोणत्यातरी शाखेत अभियंता करण्याचा अट्टाहास आपल्यात संपलेला नाही. जो जमीन विकतो तो पुन्हा ती घेऊ शकत नाही, एवढे तरी शेतकऱ्याच्या मुलाला सांगण्याची गरज पडू नये.

आता यावरचा खरा आक्षेप. तो मी अनेकदा ऐकला आहे, आणि तो क्षुल्लक नाही. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, "फादर, आमच्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हातानेच राबून काढले. गावाने नेमून दिलेली कामे केली, ती करताना अपमान गिळला. मिशनने आम्हाला पाटी दिली, पुस्तक दिले, आमच्यातून मास्तर निघाले. आणि आता तुम्हीच आमच्या नातवंडांना पुन्हा हत्यार हातात घ्यायला सांगता?"

या बोलण्यात आपल्या समाजाचा इतिहास आहे. पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहणारे होते. गावगाड्यात काम जन्मावर ठरत होते. ते बदलण्याची मुभा नव्हती, नाकारण्याची तर नव्हतीच. धर्मांतरानेही समाजाच्या नजरा लगेच बदलल्या नाहीत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या; १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. अस्पृश्यतेचे चटके सोसलेच, आणि त्यावरच्या मलमाचा हक्क मात्र बाप्तिस्म्याबरोबर गेला. अशा समाजाला पदवीचा कागद म्हणजे केवळ नोकरीचा परवाना वाटत नाही, माणूस म्हणून मिळालेली पावती वाटते. ही भावना ज्याला कळत नाही त्याने आपल्या लोकांना उपदेश करू नये.

पण याच इतिहासातून मी उलटा निष्कर्ष काढतो. आपल्या पूर्वजांवर अन्याय झाला तो त्यांनी हाताने काम केले म्हणून नव्हे. ते काम त्यांच्यावर लादले गेले, त्याचा योग्य मोबदला मिळाला नाही, आणि ते करणाऱ्याला अपवित्र ठरवले गेले, हा अन्याय होता. हाताच्या कामाला विटाळ मानणारी ही दृष्टी आपली नव्हे. ती आपल्याला गावकुसाबाहेर ठेवणाऱ्यांची आहे. धर्मांतर करून आपण त्यांची देवळे सोडली आणि त्यांची ही दृष्टी मात्र सोबत घेऊन आलो, हे मला सर्वांत बोचते. वायरमन झालेल्या मुलाकडे पाहून ख्रिस्ती बाप मान खाली घालतो तेव्हा कोणाचा धर्म बोलत असतो?

हे बदलता येते याचा पुरावा आपल्याच घरांत आहे. परिचारिकेचे काम घ्या. रोग्याचे शरीर पुसणे, जखमा धुणे, मलमूत्र काढणे, ही सारी कामे एकेकाळी या देशात कुलीन घरांना किळसवाणी वाटत होती. चांगल्या घरची मुलगी दवाखान्यात कामाला जाते म्हटले की लोक नाक मुरडीत. मिरजेला डॉ. वानलेस यांच्या रुग्णालयात, नगरला बूथ हॉस्पिटलात आणि आणखी कितीतरी मिशन दवाखान्यांत ख्रिस्ती मुलींनी हे काम शिस्तीने शिकून घेतले, गणवेश अंगावर चढवला, परीक्षा दिल्या. या देशातील परिचारिकांमध्ये दीर्घकाळ ख्रिस्ती स्त्रियांचा वाटा फार मोठा राहिला. (ही दोन्ही रुग्णालये कॅथोलिकांची नव्हेत, हे मला ठाऊक आहे. चांगली गोष्ट प्रॉटेस्टंट बांधवांनी आधी केली असेल तर तसे सांगायला हरकत नसावी.) आज आपल्या समाजात "मुलगी नर्स आहे" हे वाक्य मान उंच करून बोलले जाते. काम तेच आहे. त्याला शिक्षणाची, प्रमाणपत्राची, ठरलेल्या पगाराची आणि श्रद्धेची जोड मिळाली, आणि विटाळ गेला. जे आपण परिचर्येच्या बाबतीत केले ते वीजजोडणीच्या आणि वेल्डिंगच्या बाबतीत का होऊ नये? आणि मुलींच्या बाबतीतही परिचर्येपाशीच का थांबावे?

धर्मशास्त्राचा आधार हवा असेल तर तो भरपूर आहे, आणि आपण तो वर्षातून एकदा बाहेर काढून पुन्हा कपाटात ठेवतो. मार्कच्या शुभवर्तमानात गावकरी प्रभूला सुतार म्हणूनच ओळखतात, आणि ते त्याला हिणवण्यासाठी म्हणतात हे ध्यानात घ्यावे. नाझरेथची ती वर्षे शुभवर्तमानांनी जवळजवळ न लिहिता सोडली आहेत, पण ती रिकामी नव्हती. रंधा आणि करवत चालत होती. संत पौल करिंथमध्ये अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे उतरला तो एकाच धंद्याचे म्हणून. तिघे तंबू करीत. हा मनुष्य विद्वान होता, गमालियेलाच्या पायाशी शिकलेला होता. बेन सिराच्या ग्रंथातील अडतिसाव्या अध्यायात लोहार, कुंभार, मुद्रा कोरणारे यांचे वर्णन येते : सभेत त्यांना कोणी मानाचे आसन देत नाही, परंतु त्यांच्यावाचून नगर वसत नाही. हा ग्रंथ आपल्या कॅथोलिक बायबलात आहे, आणि आपल्याच पॅरिश कौन्सिलात त्या कारागिरांना आजही आसन नाही.

पोप बारावे पायस यांनी १९५५ मध्ये १ मे हा कामकरी संत जोसेफ यांचा सण म्हणून दिला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये मानवी श्रमावर स्वतंत्र परिपत्रक काढले, आणि कामाची थोरवी त्याच्या प्रकारावर अवलंबून नसून ते करणारा मनुष्य आहे यावर अवलंबून आहे, अशी शिकवण त्यात मांडली. आपण १ मे रोजी नोव्हेना म्हणतो, हार घालतो, पेढे वाटतो. संत जोसेफच्या हातातील गुण्या आणि करवत पुतळ्यावर रंगवून घेतो, आणि खऱ्या सुताराच्या मुलाला मात्र सांगतो, "चांगला शीक, नाहीतर बापासारखा रंधा मारशील."

आता तिसरी वाट, गाव सोडण्याची. तिच्याविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते आहेत. कोणी म्हणतो, गावात काय ठेवले आहे. कोणी म्हणतो, गेला तो संपला. इतिहास दोघांनाही साथ देत नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या तालुक्यांनी मुंबईला शतकाहून अधिक काळ माणसे पुरवली. १८९० पासून चालत आलेला डबेवाल्यांचा व्यवसाय याच मुलखातील माणसांनी उभा केला. बाजारात, गोदीत, गिरण्यांत या भागातले लोक होते. पण ते एकेकटे गेले नाहीत. गावचा गाळा होता, खाणावळ होती, आधी गेलेला चुलता होता. तोलणारांच्या आणि हमालांच्या टोळ्या ओळखीवर चालत. हमालांच्या पाठीशी १९६९ चा माथाडी कायदा आला आणि माथाडी मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना यांची सोय झाली. उलट गिरण्यांचे पाहा. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि हजारो घरे बुडाली. ज्यांच्या हातात दुसरी विद्या नव्हती ते परतले आणि कोरडवाहू तुकड्यावर बसले. दोन्ही अनुभव याच मातीतले आहेत. स्थलांतराने कोणी तरले, कोणी बुडाले. फरक पडला तो सोबत काय नेले आणि पाठीशी काय होते यावर.

आजचा मुलगा चाकणला किंवा रांजणगावला जातो तेव्हा सोबत काय नेतो? बहुधा कला शाखेची पदवी, किंवा दोन विषय राहिलेली पदवी. मधली तीन-चार वर्षे पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत गेलेली असतात. घरचे महिन्याला पैसे पाठवतात आणि शेजाऱ्यांना "साहेब होणार आहे" म्हणून सांगतात. जागा शेकड्यांनी आणि उमेदवार लाखांनी, हे गणित त्या घरात कोणी मांडत नाही. मग एके दिवशी वय वाढलेले असते, आणि तो ठेकेदाराच्या रजिस्टरात नाव लिहून कारखान्याच्या दाराशी उभा राहतो. काम हाताचेच असते! ज्या हाताच्या कामापासून पळण्यासाठी कॉलेजला घातले, तेच काम, पण आता अकुशल म्हणून, ठेकेदाराच्या मर्जीवर, पाच जणांच्या खोलीत खाट घेऊन. त्याच यंत्रावर शेजारी उभा असलेला आयटीआयचा मुलगा वयाने लहान आणि पगाराने मोठा असतो. कॉलेजची वाट आणि हाताच्या कामाची वाट यांत आपण निवड केली असे आपल्याला वाटत होते. प्रत्यक्षात निवड केलीच नाही, तिसऱ्या वाटेने आपल्याला उचलून नेले.

आयटीआय केले की सगळे सुरळीत होते असेही मी म्हणणार नाही. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा आहे. त्यात विद्यावेतन आहे, प्रशिक्षणाची जबाबदारी आहे, पण शिकून झाल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. काही ठिकाणी शिकाऊ म्हणून घेतात आणि खोकी उचलायला लावतात. इथे डॉन बॉस्कोची आठवण करावी. १८५२ च्या सुमारास ट्यूरिन शहरात त्यांनी आपल्या मुलांसाठी मालकांशी लेखी करार करायला सुरुवात केली. मुलाला त्याच्या धंद्याचेच काम द्यायचे, मारायचे नाही, सणवाराला सुट्टी द्यायची, शक्तीबाहेर राबवायचे नाही, असे कागदावर लिहून मालकाची सही घेत आणि खाली स्वतः सही करीत. संतपण गाठलेल्या या धर्मगुरूला कराराचा कागद क्षुद्र वाटला नाही. आपली मुले कोणत्या कागदावर सही करून येतात, ते आपण धर्मगुरूंपैकी किती जण वाचून पाहतो?

आणखी एक उदाहरण अगदी दाराशी आहे. बेल्ह्याहून जेजुरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाबळ लागते. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवलेला, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेला हा शास्त्रज्ञ मुंबई सोडून एका अवर्षणग्रस्त गावात येऊन राहिला, आणि शाळेत नापास झालेल्या मुलांना लोखंडकाम, बांधकाम, वीज, शेती, पशुपालन, आरोग्य हे सगळे हाताने करून शिकवू लागला. हाताने केल्याने बुद्धी चालते, हे त्यांच्या शिक्षणविचाराचे मूळ होते. त्यातून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम राज्यातील अनेक माध्यमिक शाळांत पोहोचला. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या साहाय्याने तिथे फॅब लॅब झाली, तीही अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी. डॉ. कलबाग २००३ मध्ये गेले. काम चालू आहे. हे काम चर्चचे नव्हते. पण नाझरेथच्या कार्यशाळेचा वारसा सांगणाऱ्या आपल्या धर्मप्रांतांनी या मुलखात त्याच काळात काय उभे केले? शहरांत इंग्रजी माध्यमाच्या शाळा. त्यांची गरज होतीच. परंतु त्यांच्या प्रवेशासाठी रांग लावणाऱ्यांत बेल्हे–आळेफाटा पट्ट्यातील शेतमजुराचे मूल क्वचितच दिसते. सालेशियन धर्मगुरूंनी तांत्रिक शिक्षणाची परंपरा जपली आहे, तिचा मला आदर आहे. ती परंपरा एका संघापुरती राहू नये एवढेच.

म्हणून माझे मागणे ठोस आहे. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी कॉलेजच्या फीसाठी मदत करते, तशी तिने हत्यारांच्या पेटीसाठी करावी. वायरमनचा परवाना घेऊन गावात दुकान टाकणाऱ्या मुलाला पहिल्या वर्षाचे भाडे परत करण्याच्या बोलीवर द्यावे. चाकण आणि रांजणगावला जाणाऱ्या प्रत्येक मुलाचे नाव, पत्ता आणि ठेकेदाराचे नाव जाणाऱ्या धर्मग्रामातून तिथल्या धर्मग्रामाला कळवावे. बाप्तिस्म्याची नोंद आपण एवढ्या काळजीने पाठवतो, तर जिवंत माणसाची का नाही? लग्नाच्या बैठकीत मध्यस्थ म्हणून बसणाऱ्या वडीलधाऱ्यांनी मुलाची पदवी विचारण्याआधी त्याला काय करता येते ते विचारावे. आणि ज्या घरातील मुलीला कॉम्प्युटरवर यंत्राचे आराखडे काढायला किंवा मोटार भरायला आवडते, तिला "नर्सिंगच बरे" म्हणून गप्प बसवू नये.

मुलांना आणि पालकांना हे सांगण्यासाठी प्रवचन पुरेसे नाही. दहावीच्या मुलांची त्यांच्या आईवडिलांसह एक बैठक घ्यावी. तिला एक प्राध्यापक, एक आयटीआयचा निदेशक, कंपनीत दहा वर्षे काढलेला एक कामगार आणि स्वतःचे दुकान चालवणारा एक कारागीर बोलवावा, आणि चौघांनीही आपापली मिळकत व आपापले हाल खरे सांगावेत. निकाल लागल्यावर प्रवेशाचे अर्ज भरायला थोडेच आठवडे मिळतात. तेव्हा ही बैठक १ मे च्या मिस्सानंतर त्याच मांडवात घेतली तर बरे.